एकाच घरात तीन हिवाळे

जानेवारीतली सकाळ. घड्याळात नऊ वाजून गेले आहेत. काशीला ब्रह्मघाटाच्या गल्लीतल्या एखाद्या जुन्या मराठी घरात शिरावे, तर तळमजल्याच्या खोलीत आजी दोन शाली, लोकरी मोजे आणि कानटोपी घालून रजईत बसलेल्या दिसतात. दगडी जिन्याने पहिल्या मजल्यावर जावे, तर बंद खोलीत ब्लोअर घोंगावतो आहे आणि डबे भरणाऱ्या सुनेच्या कपाळावर चक्क घाम आहे. आणखी दोन जिने चढून गच्चीवर गेले, की घरातले कर्ते पुरुष उघड्या अंगाला मोहरीचे तेल चोळीत उन्हात बसलेले. मधल्या चौकातून आजींची हाक येते, "अरे, वर ऊन आलं का?"

ऊन येऊन तास झालेला असतो. आजींच्या खोलीला ते फाल्गुनापर्यंत दिसायचे नाही.

मुंबई-पुण्याहून काशीयात्रेला जाणाऱ्या मंडळींना या थंडीची कल्पना नसते. जानेवारीत रात्रीचा पारा आठ-नऊ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि लाट आली की चार-पाचावर येतो. नाशिककर म्हणतील, एवढी तर आमच्याकडेही असते! खरे आहे, पण नाशिकला दुपारी ऊन पडते. काशीला धुके धरले, की ते दिवस दिवस हलत नाही. मग भर दुपारीही पारा बारा-पंधरा अंशांच्या वर सरकत नाही, आणि हिमालयाकडून येणारा कोरडा पश्चिमवारा, ज्याला तिथे 'पछुआ' म्हणतात, दाराच्या प्रत्येक फटीतून आत येतो. चौकाचौकांत महापालिकेचे 'अलाव', म्हणजे शेकोट्या, पेटतात. घरात मात्र ज्याचे त्याने पाहायचे.

आणि पाहायचे म्हणजे बहुतेक घरांत एकच उपाय होतो: आणखी एक हीटर आणायचा. तो आल्यावरही आजींची खोली गारच राहते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर हीटरकडे नंतर आणि घराकडे आधी बघावे लागते.

उन्हाळ्याला घाबरून बांधलेली घरे

या गल्ल्यांत मराठी माणूस काल-परवा आलेला नाही. पैठणहून काशीस येऊन स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला. पुढे पेशवाईत पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट या परिसरात मराठी वस्ती दाट झाली. हिंदी पत्रकारितेत ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते 'आज' दैनिकाचे संपादक बाबुराव विष्णु पराडकरही याच मराठी काशीतले. या इतिहासाचा थंडीशी संबंध एवढाच, की ही घरे ज्यांनी बांधली, त्यांच्या डोळ्यांसमोर काशीचा जेठ महिना होता. पंचेचाळीस अंशांची लू कशी टाळायची, या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून ती उभी राहिली आहेत.

म्हणून भिंती दोन-दोन फूट जाड, खाली चुनारच्या दगडाची फरशी, रस्त्याच्या बाजूला लहानशा खिडक्या आणि मधोमध आभाळाला उघडा अरुंद चौक. उन्हाळ्यात ही रचना अगदी चोख काम करते. तापलेली हवा चौकातून आणि जिन्यातून वर निघून जाते, रात्रीची गार हवा खाली उतरून बसते. हिवाळ्यातही ती नेमके हेच काम करते, आणि तेच नको असते.

उन्हाचे गणितही साधे आहे. डिसेंबरअखेरीस काशीत भर माध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम एकेचाळीस अंश वर येतो. चौक दहा फूट रुंद असेल, तर एवढ्या तिरप्या किरणांना त्यात नऊ फुटांच्या खाली उतरताच येत नाही. घर तीन मजली म्हणजे उंची तीस-पस्तीस फूट. सगळ्यात वरच्या मजल्याची उत्तरेकडची भिंत तेवढी उजळते, बाकीचा चौक दिवसभर सावलीत. जून महिन्यात हाच सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा ऊन सरळ तळापर्यंत पोहोचते. निसर्गाने जणू उलटेच वाटप केले आहे!

आधी मोजा

थंडीच्या बाबतीत शरीर फार फसवते. गच्चीवर तासभर ऊन खाऊन खाली आलेल्याला तळमजला बर्फासारखा वाटतो. बाहेरच्या धुक्यातून आलेल्याला तोच तळमजला उबदार वाटतो. म्हणून पहिली खरेदी हीटरची करू नये. भिंतीवर टांगायचे साधे तापमापक घ्यावेत, प्रत्येक मजल्यावर एक. ते खिडकीजवळ किंवा उन्हात न लावता आतल्या भिंतीवर, बिछान्याच्या उंचीला टांगावेत आणि पहाटे, दुपारी व झोपताना असे तीनदा आकडे कालनिर्णयाच्या पानावर लिहून ठेवावेत. आठवडाभरात घराचा स्वभाव कळतो.

यात एक गोष्ट हमखास लोकांना चकित करते. तळमजल्याची खोली थंड खरी, पण तिचा आकडा दिवसरात्र फारसा हलत नाही, कारण जाड भिंती आणि जमीन तिला धरून ठेवतात. उलट गच्चीलगतची खोली दुपारी छान ऊबदार होते. पण रात्री तिचे छप्पर आपली सगळी ऊब उघड्या आभाळाकडे टाकून देते आणि पहाटे चारला ती घरातली सर्वांत गार खोली झालेली असते. त्यातून छप्पर पत्र्याचे असेल तर विचारूच नका. म्हाताऱ्या माणसाला खालची थंडी सोसत नाही, म्हणून मोठ्या प्रेमाने वरच्या खोलीत हलवणारी घरे काशीत कमी नाहीत. दुपारी सगळे खूश असतात. खोकला पहाटे सुरू होतो.

बहुतेक घरांत सर्वांत सम हवा मिळते ती मधल्या मजल्यावर, दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे खिडकी असलेल्या आतल्या खोलीत. खाली राहती खोली, वर राहती खोली; दोन्हीकडची माणसेच तिला पांघरूण घालतात. काशीत गंगा उत्तरवाहिनी असल्याने शहर तिच्या पश्चिम काठावर आहे आणि घाटावरच्या घरांची तोंडे पूर्वेला आहेत. धुके नसेल तर सकाळचे कोवळे ऊन त्या खिडक्यांतून सरळ आत येते. ते आठ ते अकरा आत घ्यायचे आणि तीन वाजले की खिडक्या बंद करून जाड पडदे ओढायचे, हा हिशेब पाळला तर निम्मे काम होते.

फटी, फरशी आणि बिछाना

उरलेल्या कामातला मोठा भाग फुकट आहे. संध्याकाळी उदबत्ती पेटवून दारे-खिडक्यांच्या कडेने फिरवावी. धूर जिथे आडवा होतो, तिथून वारा येतो. पछुआ पश्चिमेचा, त्यामुळे गल्लीच्या बाजूची दारे आधी तपासावीत. जुन्या लाकडी दारांच्या खालची बोटभर फट जुन्या धोतराची वळकटी करून बुजवता येते. चौकटीतल्या भेगांना सुताराकडून पट्ट्या मारून घेता येतात. जिन्याच्या तोंडाशी जाडसर पडदा लावला, तर वर पळणारी हवा बरीच थांबते. चौकाच्या वरच्या लोखंडी जाळीवर, जी माकडांसाठी असते, रात्रीपुरते ताडपत्रीचे आच्छादन ओढणारी घरे आहेत. धुके आणि दव आत उतरत नाही, हे खरे. पण कडेला हवा जायला जागा सोडलीच पाहिजे. का ते पुढे बोरसीच्या संदर्भात येईल.

दगडी फरशीवर सतरंजी पुरत नाही. खाली पोते, त्यावर चटई आणि मग सतरंजी असे थर हवेत. गादीचेही तसेच. पांघरुणावर पांघरूण चढवत जाणारे घर गादीकडे बघतही नाही. दबून पोळी झालेल्या कापसात हवाच उरत नाही आणि अंगातली ऊब खाली झिरपत राहते. दिवाळीनंतर पिंजाऱ्याकडून गादी नव्याने पिंजून घेतली, तर नव्या रजईपेक्षा अधिक गुण येतो. पूर्वेकडच्या खेड्यांत बिछान्याखाली भाताचा पेंढा, 'पुआल', पसरतात. काशीच्या मराठी घरात ते सोवळ्या-ओवळ्यामुळे फार रुळले नसेल, पण उपाय नामी आहे.

हीटर काय करतो आणि काय करत नाही

आता हीटरकडे वळू. बारा फूट लांब, तेवढीच रुंद आणि उंच अशा खोलीतली सगळी हवा दहा अंशांनी तापवायला पाव युनिटसुद्धा वीज लागत नाही. दोन हजार वॉटचा ब्लोअर ते काम पाच-सात मिनिटांत करतो. म्हणूनच तो लावताच बरे वाटते. पण त्याच खोलीची दोन फूट जाडीची एक भिंत तेरा-चौदा टन वजनाची असते, आणि तेवढी एकच भिंत फक्त एका अंशाने तापवायला तीन युनिटांहून अधिक वीज लागते. अशा चार भिंती! तेव्हा ब्लोअर बंद केला की दहा मिनिटांत खोली पुन्हा गार का पडते, याचे उत्तर भिंतीत आहे. ती सगळी ऊब पिऊन टाकते. शिवाय गरम हवा बारा फुटांवरच्या छताशी जाऊन बसते आणि बाजेवरच्या माणसाला तिचा उपयोग नसतो.

म्हणून उंच खोलीत हवा तापवण्यापेक्षा माणूस तापवावा. समोर ठेवायचा, लाल होणाऱ्या कांड्यांचा हीटर सरळ अंगावर ऊब टाकतो. बसलेल्या माणसाला तो ब्लोअरपेक्षा बरा. मात्र त्याच्यापासून पांघरूण, पडदा आणि पदर तीन फूट लांब हवा. रात्रभर मंद ऊब हवी असेल तर तेल भरलेला पंख्यांचा हीटर ठीक. त्यात उघडी कांडी नसते. हल्ली गरम-गार दोन्ही करणारे एअर कंडिशनर मिळतात. ते ऊब निर्माण न करता बाहेरून उचलून आत आणतात, त्यामुळे एका युनिटात साध्या हीटरच्या दोन-तीन पट ऊब मिळू शकते. पण घर अर्धवट उघडे असेल तर तेही पैसे गल्लीत जातात. बाज बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ओढून भिंतीवर जाजम किंवा गोधडी टांगली, तरी फरक पडतो. ज्यांच्या छताला कड्या आहेत, त्यांनी बाजेवर सात-आठ फुटांवर कापडी चांदवा बांधून पाहावा. लग्नमुंजीतला चांदवा घरात असतोच कुठेतरी!

एक तक्रार नेहमी ऐकू येते: "सकाळी हीटर चांगला तापतो, संध्याकाळी नुसता लाल दिवा दाखवतो." यात हीटरचा दोष नसतो. संध्याकाळी गल्लीतल्या साऱ्या घरांचे हीटर चालू होतात आणि विजेचा दाब पडतो. दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला, तर दोन हजार वॉटचा हीटर जेमतेम बाराशे वॉटचे काम करतो. अशा वेळी दुसरा हीटर लावणे म्हणजे दाब आणखी पाडणे. अंधार पडायच्या आधीच खोली तापवून घ्यावी आणि मग फक्त ऊब राखावी, हे अधिक शहाणपणाचे.

वायरिंगबद्दल मात्र हयगय नको. जुन्या काशीच्या बऱ्याच भागात गल्लीतल्या तारा जमिनीखाली गेल्या. घरातली वायरिंग पुष्कळ ठिकाणी अजून लाकडी पट्ट्यांवरची आजोबांच्या काळातली आहे. दोन हजार वॉटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. पंख्या-दिव्याच्या सहा अँपिअरच्या प्लगला तो लावला, एक्स्टेंशनवर तर विशेषच, की आधी प्लग गरम होतो, मग पिवळा पडतो, मग वास येतो. हीटरला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, अर्थिंग आणि चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. प्लगला हात लावून पाहायची सवय ठेवावी.

बोरसी

वीज गेली, किंवा बिलाची धास्ती वाटली, की कोपऱ्यातली बोरसी बाहेर येते. मातीचे पसरट भांडे, त्यात भुसा, गोवऱ्या किंवा कोळशाचे निखारे. तिच्याभोवती बसून मटारचे दाणे सोलीत गप्पा मारण्याचे सुख काशीकराला सांगावे लागत नाही; चुडा-मटार तिथेच रंगतो. मराठी घराला तर शेगडी परकी नाहीच. बाळंतिणीच्या बाजेखाली ओव्याची धुरी देणारी शेगडी आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेली आहे. या सवयीतच धोका आहे.

बोरसी बाहेर पेटवतात, धूर निघून जाईपर्यंत थांबतात आणि निखारे लालबुंद झाले की आत आणतात. धूर गेला म्हणजे भीती गेली, असा समज असतो. प्रत्यक्षात बिनधुराच्या निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट घट्ट धरतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग गुंगी येते. थंडीच्या रात्री गुंगी आली तर माणूस म्हणतो, "छान झोप लागतेय." उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत निखारे ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात.

आणि नेमके याच लेखात वर फटी बुजवा, पडदे लावा, चौक झाका असे सांगितले आहे. तेव्हा हे स्पष्ट असावे: ज्या घराने फटी बुजवल्या, त्या घरात बोरसी नको. लावायचीच असेल तर सगळे जागे असताना, दार आणि समोरचा झरोका उघडा ठेवून. निजायच्या आधी ती उचलून गच्चीवर किंवा गल्लीत न्यावी; आच्छादलेल्या चौकात ठेवू नये. राख धरलेला निखाराही तोच वायू सोडतो. बाजेखाली बोरसी ठेवून कोणालाही, विशेषतः म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना, झोपवू नये. न्हाणीघरातल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर सर्दी म्हणून बाम चोळीत बसू नये. खिडक्या उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि थेट रुग्णालय गाठून निखारे होते हे डॉक्टरांना सांगावे.

रात्रीच्या उबेसाठी रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून पायथ्याशी ठेवणे, हा स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे. झोपण्यापूर्वी अर्धा तास बिछान्यात ठेवली तर गादीही ऊबदार मिळते.

आजींची खोली

विलायतेत घरोघरी तळघरात किंवा स्वयंपाकघरात बॉयलर असतो आणि गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरते. तिथेही एक खोली भट्टी आणि एक खोली शीतगृह अशी तक्रार असतेच. तिथला कारागीर आल्यावर लांबच्या खोलीची तोटी पूर्ण उघडतो आणि जवळच्या खोल्यांच्या तोट्या थोड्या आवळतो, म्हणजे पाणी लांबपर्यंत पोहोचते. बॉयलर मोठा करण्याचा विचार तो शेवटी करतो.

काशीच्या घरात तोट्या नाहीत; तिथे आवळायची असते ती माणसांची सोय. आजी तळमजल्यावर का असतात? गुडघे दुखतात, नळ आणि संडास पुष्कळ घरांत खालीच असतात, देवघर खाली असते. आणि वाटण्यांत मधला मजला धाकट्याकडे गेलेला असतो. कारणे सगळी खरी आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शनात थंडीत घरातले तापमान अठरा अंशांच्या खाली जाऊ नये, असे सुचवले आहे, आणि म्हाताऱ्यांसाठी त्याहून थोडे अधिकच बरे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. म्हातारपणी कापरेही भरत नाही, त्यामुळे गारठलेले कळत नाही. आजी "मला काही होत नाही" म्हणतात, ते पुष्कळदा खरेच त्यांना जाणवत नाही म्हणून.

ज्या घरांनी हा पेच सोडवला, त्यांनी तो बहुधा अदलाबदलीने सोडवला. मार्गशीर्ष ते महाशिवरात्र मधली आतली खोली आजींना, आणि नातवंडे त्यांच्या खोलीत. रात्रीसाठी बाजेशेजारी कमोडची खुर्ची. जिना दिवसातून एकदाच, तोही कोणाचा तरी हात धरून, आंघोळीला. देवांचे एक तबक वर. धाकट्या सुनेने "आई, तुम्ही दोन महिने माझ्या खोलीत या" म्हणावे लागते, आणि थोरल्याने त्याचा हिशेब मांडायचा नसतो. हे हीटरपेक्षा अवघड काम आहे, यात शंका नाही.

महाशिवरात्रीनंतर बाज पुन्हा खाली जाते. मे महिन्यात गच्ची तव्यासारखी तापली, पंख्यातून झळा येऊ लागल्या, की सारे घर दुपारी त्याच तळमजल्याच्या गार खोलीत चटया टाकायला येते. तेव्हा भिंतीलगतची चांगली जागा कोणाला द्यायची, हे आजी ठरवतात.